मूळ चित्रात नसलेला हात

"हात चुकलाय तुमचा, सिस्टर," मास्तर म्हणाले. "मूळ चित्र बघा जरा."

सिस्टरांनी मान वर केली नाही. इस्पितळातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. चित्रकलेच्या वर्गातले सहाही जण सराव म्हणून एकाच जुन्या तैलचित्राची नक्कल करत होते: क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर. बाकीच्यांचा येशू जेवून आडवा झाल्यासारखा दिसत होता. बँकवाल्या बाईंनी तर त्याला गुलाबी गाल दिले होते. त्या गुलाबीला मास्तरांनी 'करुणा' म्हटलं, तेव्हा सिस्टरांना जांभई आली होती.

"मेलेला हात असा डौलात लोंबत नाही," त्या म्हणाल्या. "खांद्यापासून ओढतो."

"म्हणजे एवढ्या मोठ्या चित्रकाराला कळत नव्हतं?"

"त्यानं झोपलेला माणूस बघून काढलाय."

मास्तर हसले. सिस्टरांच्या हातून ब्रश घेऊन त्यांनी दोन फटकाऱ्यांत तो हात सुबक करून टाकला.

"मास्तर, तुम्ही कधी मेलेलं माणूस उचललंय?"

"वडील गेले तेव्हा माझं प्रदर्शन होतं. सगळं भावानं केलं."

"वाटलंच."

त्यांनी सुरीनं मास्तरांचा ओला रंग खरवडून काढला. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी प्रेतं पुसली होती. शेवटी नवऱ्याचंही. नुसता बोलघेवडा माणूस. एक नोकरी धड टिकवली नाही. त्याला पुसतानाही त्यांच्या मनात तेच होतं. त्याचा हात पलंगावरून सारखा घसरत होता. मग सासूबाई पुढे आल्या आणि तो कोपराखाली धरून उभ्या राहिल्या. अर्धा तास.

सिस्टरांनी चित्रातल्या आईचा आभाळाकडे उचललेला तळवा खाली आणला आणि मुलाच्या कोपराखाली घातला.

"हे वर्गाच्या प्रदर्शनात लावता येणार नाही," मास्तर म्हणाले.

"लावायला सांगितलंय कुणी?"

घरी त्यांनी ओलं चित्र खिडकीपाशी टेकवलं. नव्वदीच्या सासूबाई डोळे बारीक करत जवळ आल्या.

"कोण गं हा?"

"आहे कुणाचातरी."

सासूबाईंनी त्या रंगवलेल्या हाताखाली बोटं नेली. "जड झाला असेल तिला."

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सिस्टरांनी सासूबाईंची रंग लागलेली बोटं एकेक करून पुसली.