बायजाबाईचा फोटो नव्हता

माझे बाबूजी, रुपराव, म्हणजे महाल भागातल्या चितार ओळीतले नामी मूर्तिकार. गणपती, गौरी, दुर्गा, काय म्हणाल ते. लेक म्हणून नाही सांगत, कोणालाही विचारा! मी अरुंधती, नववीत आहे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, टाळ्या मात्र पहिल्या नंबरच्या पडल्या. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते.

याच, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाचपावलीकडच्या एका वस्तीतून चंद्रभानकाका आणि प्रयागबाई आमच्या कारखान्यात आले. त्यांच्या वस्तीतली सुईण, बायजाबाई, तीन वर्षांपूर्वी वारली होती. चाळीस वर्षं तिनं त्या वस्तीतली पोरं या जगात आणली. आता विहाराजवळच्या चौकात तिचा पुतळा बसवायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

"फोटो?" बाबूजींनी विचारलं.

"फोटो कुठचा गा!" प्रयागबाई म्हणाल्या. "जलमभर दुसऱ्याच्या घरी धावून राहिली ते. फोटोले बसाले टाइम कुठं होता तिले?"

"आन एक सांगून ठेवतो, रुपराव," चंद्रभानकाका म्हणाले. "छप्पन साली दीक्षा घेतली आन आम्ही देवी-देवता घरातून काढल्या. आता चौकात पुन्हा देवी नको. आमची बाई पाहिजे."

"बाईच करतो," बाबूजी म्हणाले.

म्हणाले खरे, पण आजवर त्यांनी माणूस कधी केलाच नव्हता!

बांबू, तणस म्हणजे भाताचा पेंढा, आणि चिकणमाती घेऊन दहा दिवसांत बाई उभी राहिली. पदर खोचलेला, काखेत गाठोडं, पाऊल पुढे टाकलेलं, जणू कुणी बोलवायला आलं आहे. मी नुसती बघत राहायची. चेहरा शेवटी. आमच्या कारखान्यात नेमच आहे तसा, की चेहऱ्याला बाबूजींशिवाय कोणी बोट लावायचं नाही. मी गणपतीचे उंदीर केलेत, पाय केलेत, पण चेहरा? नावच नको.

चेहरा झाला त्या दिवशी प्रयागबाई पाहायला आल्या. दारात चपला काढल्या, पुढे आल्या, मान वर केली आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. बाबूजींची छाती फुगली. "पाहिलं का, अरू?"

मी पाहिलं. डोळे कानापर्यंत गेलेले, ओठ इवलेसे, हनुवटी अंड्यासारखी गुळगुळीत. अगं बाई, ही तर आमची दुर्गा! वाघ आणि आठ हात तेवढे कमी. बाबूजींचा हात नेहमीच्या वाटेनं आपला आपणच चालत गेला होता.

गप्प बसले असते तर बाबूजी खूश होते. पण उद्या प्लास्टरचा साचा निघाला असता, साच्यातून सिमेंटचा पुतळा, आणि त्या वस्तीला कायमची हीच बायजाबाई मिळाली असती. तिचा फोटोसुद्धा कुठे नव्हता.

"बाबूजी," मी म्हटलं, "त्या हात जोडून राहिल्या."

"मंग?"

"मग ही देवी झाली. बाई नाही झाली."

प्रयागबाईंनी जोडलेले हात पटकन सोडले. "पोरगी बराबर बोलून राहिली गा. मी तं इसरूनच गेली का बायजीले पाहाले आली म्हणून."

बाबूजी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. एक बिडी झाली, दुसरी झाली. मला वाटलं, वक्तृत्व गेलं खड्ड्यात, मी कशाला बोलले! मग ते उठून आत आले, हातात माती कापायची तार घेतली आणि तो चेहरा कानापासून कानापर्यंत कापून खाली काढला.

"उद्या बाया घेऊन या," ते प्रयागबाईंना म्हणाले. "जेवढ्या येतील तेवढ्या."

अकरा जणी आल्या. त्यांच्यात बायजाबाईची धाकटी बहीण रुखमाबाई होती. ती स्टुलावर बसली आणि ओठ मिटून राहिली. बाकीच्या दहा एकदम सुरू झाल्या.

"नाक बसकं होतं तिचं."

"बसकं नाही वं, फुगीर!"

"तुले काय माहीत? तू तं कळा देऊन राहिली होती, डोळे तं बंद होते तुये!"

कारखाना हसून दणाणला. बाबूजींच्या हातात माती तशीच. शेवटी ते बाजूला सरकले आणि म्हणाले, "बोलू नका. हात लावा."

मी तर आ वासला.

"आम्ही? चेहऱ्याले?" प्रयागबाईंनी विचारलं.

"तुमच्या बोटांले ते माहीत हाये. माह्या हाताले फक्त देवी येते."

प्रयागबाईंनी भीत भीत अंगठ्यानं नाक दाबलं. कुणी एक भुवई वर चढवली. कुणी डाव्या गालात तंबाखूचा फुगवटा भरला. "पुढचा दात वाकडा होता," असं म्हणून एकीनं ओठ नखानं उचलला. प्रत्येकीच्या बोटामागून बाबूजी हळूच सफाई करत होते, पण तिचं बोट पुसत नव्हते. मला आजवर वाटायचं, बाबूजी मोठे, कारण त्यांना सगळं येतं. त्या दिवशी ते, मला येत नाही असं माझ्यासमोर, अकरा बायांसमोर म्हणाले, आणि मला एकदम किती तरी मोठे दिसले!

दुपार उलटली. रुखमाबाई अजून स्टुलावरच.

"बाई," बाबूजी तिला म्हणाले, "आता तुमीच सांगा. तुमची बहीण नसंल, तं मी हे मोडतो आन वस्तीले सांगतो का मले नाही जमत."

ती उठली. चेहऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिच्या कपाळावर आठी पडली आणि ती मातीवरच खेकसली, "अशी काय पाहून राहिली वं माह्याकडे? आली ना मी!"

आणि मटकन खाली बसून रडायला लागली. "हेच हाये," ती म्हणाली. "मले उशीर झाला का असंच पाहे."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सिमेंटचा पुतळा चौथऱ्यावर चढला. चंद्रभानकाकांनी कापड ओढलं आणि खिशातून भाषणाचा कागद काढला, पण ऐकतंय कोण! बाया पुतळ्याला जाऊन भिडल्या होत्या. कोण पायाळू जन्मलं, कोणाच्या वेळी छपरातून पाणी गळत होतं, कोण दोन दिवस रडलंच नाही, नुसता गलका. एक म्हातारी तर पुतळ्याशी वाद घालत होती, की त्या दिवशी मंगळवार नव्हता, बुधवार होता. चंद्रभानकाकांनी कागदाची घडी घातली आणि तेही, मी रात्री झालो का पहाटे, असं विचारत गर्दीत घुसले.

बाबूजी लांब, पानठेल्याजवळ उभे. पुतळा कोणी केला, हे कोणी विचारतच नव्हतं! मला काही राहवेना. मी ओरडून सांगायला निघाले, तर बाबूजींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, अरू," ते हसून म्हणाले. "हा केलेला पुतळा हाये, याचीच कोणाले आठवण नाही."