माळवीराची धाव

पुण्याहून आलेल्या उत्कर्षानं गरुडपंख लावलेल्या वीराचं रंगीत चित्र टेबलावर ठेवलं. महादेवीबाईंनी चष्मा पुसून ते नीट पाहिलं आणि पालथं घातलं.

"ह्यो माळवीर न्हाय."

चाळीस वर्षांपूर्वी सोलापुरात त्यांच्या माळवीराच्या तीन चित्रकथा छापल्या गेल्या, आणि लोक त्याला विसरले. नान्नजच्या माळावर लहानपणी पाहिलेल्या माळढोक पक्ष्याचे रुंद, जड पंख त्यांनी त्याला दिले होते. म्हणून तो उभ्या जागेवरून उडत नसे. आधी धावे, मग उचलला जाई. उत्कर्षा जिथं काम करायची ते प्रकाशन आता त्याला पुन्हा आणणार होतं, पण पंख बदलून.

"मावशी, पानभर नुसता पळतोच की हो हा! तेवढ्यात मुलं मोबाइल उघडतील. आणि उडतो किती, तर बाभळीच्या शेंड्याएवढा!"

"जड हाय त्यो."

"सुपरहिरोला कसलं वजन?"

"वजनच न्हाय, तर पडायची भीती कशी वाटंल, पोरी?"

उत्कर्षा हसली, पण हटली नाही. "हेच पंख राहिले तर पुस्तक निघणार नाही. संपादक तसं म्हणालेत."

"पुढच्या महिन्यात ये. एक नवी गोष्ट काढते. ती वाच, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी त्या कामाला बसल्या. हात कापायचा. बारीक निबानं रेघ साधेना, तेव्हा त्यांनी जाड ब्रश घेतला आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. पिसांच्या कडा थरथरत्या आल्या. त्या त्यांनी तशाच ठेवल्या. धावताना पिसं थरथरतातच. चेहरे मात्र जमेपर्यंत पुन्हा पुन्हा काढले. धाव कमी केली नाही, उलट वाढवली. माळाला वणवा लागलेला, माळवीराच्या पाठीवर म्हातारी मेंढपाळीण, आणि दोघांचं वजन उचलायचं तर धावही दुप्पट.

उत्कर्षा आली ती उभ्यानंच वाचू लागली.

"अजून पळतोच आहे," ती पुटपुटली. पान उलटलं. आग टाचेपाशी आली होती. पिशवीत फोन वाजत राहिला. तिनं तो घेतला नाही.

"मावशी, उचलला जातो ना?"

"मला काय विचारतीस? पान उलट की."

शेवटच्या पानावर माळवीर जमिनीपासून जेमतेम हातभर वर होता. उत्कर्षानं रोखलेला श्वास सोडला. कागद जरा जाड लागला म्हणून तिनं पानाची मागची बाजू पाहिली. तिथं तिनंच आणलेलं गरुडपंखांचं चित्र होतं.

"चांगला कागद वाया कशाला घालवायचा?" महादेवीबाई म्हणाल्या.

उत्कर्षानं पानं जपून पिशवीत घातली. "संपादकांशी मी भांडते," ती म्हणाली. "तुम्ही पुढची गोष्ट घ्या."

त्यांनी ब्रश आधीच भिजत घातला होता.