चुकांच्या वहीचं फाडलेलं पान

मित्रांनो, मला जपून उघडा. मी एक जुनी वही आहे आणि माझं शेवटचं पान फाडलेलं आहे. पावसाने किंवा वाळवीने नासलं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं. पण ज्याने मला लिहून मोठं केलं त्यानेच ते फाडलं, हे मला अजून सहन होत नाही.

माझा जन्म चंद्रपूरला, लियाकतभाईंच्या दुकानात झाला. आठ जाड कागद मधोमध दुमडून त्यांनी एकाच दोऱ्याने शिवले आणि माझी सोळा पानं झाली. मला वामनरावांच्या हातात देताना ते म्हणाले, "भाऊ, पहिलं पान अन् शेवटचं पान एकाच कागदाचं आहे, हा. एक वढाल त दुसरं बी सुटन."

वामनराव गडचिरोलीच्या एका कार्यालयात कारकून होते. गावोगावी तापाच्या रोग्यांचं रक्त घेत, त्यांच्या चिठ्ठ्या या कार्यालयात येत, आणि कोणाला हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या त्याची यादी इथून निघे. चिठ्ठ्यांत चुका फार. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. वामनराव मात्र म्हणत, "चूक कोनाची ते सोडा. कोनत्या प्रकाराची ते पाहा." एकेका पानावर ते एकेक प्रकार लिहीत. वय लिहायचं राहिलं, एक पान. एकच माणूस दोनदा लिहिला, दुसरं पान. आणि पहिल्या पानावर सगळ्या प्रकारांची यादी, त्यांच्या वळणदार अक्षरात. काय तोरा होता माझा तेव्हा!

अठ्ठ्याऐंशी साली कार्यालयात कॉम्प्युटर आला. आता याद्या तो काढणार होता. पण त्याचा प्रोग्राम तपासायचा कसा? हे काम खुर्शीदाबाईंकडे आलं. त्या टायपिंग शिकून नुकत्याच लागल्या होत्या, पण भारी हुशार. त्यांनी मलाच समोर ठेवलं. माझ्या प्रत्येक पानावरून त्या मुद्दाम चुकीच्या चिठ्ठ्या बनवत आणि कॉम्प्युटरला देत. वय कोरं ठेव, तेरावा महिना टाक, आलापल्ली गावाचं नाव दोन तऱ्हेने लिही. नुसतं आठवेल ते तपासलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं. कॉम्प्युटर अडखळला की प्रोग्राम लिहिणारे तो सुधारत. सगळे म्हणत, "वहीनं लय काम केलं!" मी फुगून जायची.

मग खुर्शीदाबाईंना एक नवाच प्रकार सापडला. जंगलातल्या एका गावात पोचू नावाचे दोघे होते आणि दोघांच्या बापाचं नाव जंगू. एकाच्या घराशी मोहाचं झाड, म्हणून गावकरी त्याला मोहाजवळचा म्हणत, दुसऱ्याला नाल्यापल्याडचा. चिठ्ठीवर कडेला तसं लिहिलेलंही असे. पण कॉम्प्युटरमध्ये ते लिहायला जागाच नव्हती. त्याने दोन्ही पोचूंचा एक पोचू करून टाकला! एकाला गोळ्या मिळाल्या की दोघांनाही मिळाल्या असं तो धरी. बाईंनी हे माझ्या सोळाव्या पानावर लिहिलं. वामनरावांनी खूश होऊन पहिल्या पानावरच्या यादीत त्याची नोंद केली.

सोमवारी कॉम्प्युटरचं उद्घाटन होतं. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, वहीत एकही न सुधारलेली चूक दिसायला नको. आणि कॉम्प्युटरच्या खोलीचे प्रमुख म्हणून वामनरावांचं नाव लागणार होतं. शनिवारी त्यांनी मला उघडलं. मला वाटलं, काहीतरी लिहितील. त्यांनी सोळावं पान धरलं आणि टर्रकन फाडलं.

"भाऊ, काऊन फाडून राह्यले?" खुर्शीदाबाई ओरडल्या.

"उद्घाटन होऊ द्या, बाई. मंग लिहू पुन्हा."

उद्घाटन झालं, हारतुरे झाले, पेढे वाटले. पान काही कोणी लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी रुखमाबाई आली. मोहाजवळच्या पोचूची बायको. पहाटे घरून निघून, चालत आणि मग एसटीने, ती दुपारी पोचली होती.

"माह्या मानसाले आठ दिस झाले ताप आहे," ती म्हणाली. "रगत घेऊन गेले. गोळ्या काई आल्या नाई. तो आता मले वळखत बी नाई."

वामनरावांनी छापील यादी पाहिली. "पोचू जंगू. गोळ्या दिल्या, असं लिहून आहे."

"भाऊ, दुसऱ्या पोचूले दिल्या असतीन," खुर्शीदाबाई म्हणाल्या. "हे त्या पानावरचंच आहे."

"कोनतं पान?" वामनरावांनी मला उचललं आणि रुखमाबाईसमोर भराभर चाळलं. "पाहा ना! वहीत असा प्रकारच नाई."

मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, माझी जीभ तुम्हीच कापली आणि वर मलाच खोटी साक्ष द्यायला लावता? त्या बाईचा नवरा तिकडे तापाने फणफणतोय, आणि तुम्ही मला पुढे करता!

तेवढ्यात माझं पहिलं पान सुटलं. जोडीचं गेल्यापासून ते नुसतंच अडकून होतं. ते रुखमाबाईच्या पायाशी पडलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते उचलून पुढे केलं, "बाई, हे पडलं तुमचं."

खुर्शीदाबाईंनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "पान सोळा. एका नावाची दोन माणसं, एकच धरली जातात."

अक्षर वामनरावांचं होतं. ते खाली बसले.

पुढच्याच एसटीने खुर्शीदाबाई गोळ्या घेऊन रुखमाबाईबरोबर गेल्या. पोचू वाचला. पण महिनाभर अंथरुणाला खिळला आणि त्या वर्षी त्याचं धान दुसऱ्यांनी कापलं.

वामनरावांनी माझं पहिलं पान खळ लावून चिकटवलं आणि मला कपाटात ठेवलं. नंतर कधी उघडलं नाही. तुमच्या हाती मी आज लागले, म्हणून सांगते. मला नवा पुठ्ठा नको, कौतुक नको. एक कोरा कागद जोडा आणि त्यावर दोनच ओळी लिहा.

पोचू जंगू, मोहाजवळचा.

पोचू जंगू, नाल्यापल्याडचा.