शेवटच्या रांगेतला खोकला

आत्याचं काम दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी चाळण्याचं. लाखभर रुग्णांची माहिती संगणकात घालायची आणि कुठला आजार कुठे, कधी, कुणाला जास्त होतो ते शोधायचं. हे काम आपल्या वर्गाला समजावून सांग, असा भाचीने आठवडाभर हट्ट धरला, म्हणून ती शाळेत आली होती. वर्गशिक्षिका बाईंनी तिच्या हाती वर्ग सोपवला आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या शिक्षकांच्या खोलीत निघून गेल्या.

पहिल्या दहा मिनिटांतच आत्याला घाम फुटला.

"तुम्ही शास्त्रज्ञ ना? मग पांढरा कोट कुठाय?"

"माझी प्रयोगशाळा म्हणजे संगणक."

"म्हणजे ऑफिसच की!" कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

तिने पडद्यावर आलेख दाखवला. ठिपकेच ठिपके. पहिल्या बाकावरची मुलगी उघडउघड जांभया देत होती. भाची मान खाली घालून खोडरबर कुरतडत होती, आपली आत्या आपलं नाक कापतेय अशा चेहऱ्याने. रात्री जागून केलेली सगळी तयारी पाण्यात गेली होती.

"बंद करते हे!" आत्या वैतागून म्हणाली आणि टेबलावरचा हजेरीपट तिने उचलला. "चला, तुम्हीच शोध लावा. या महिन्यात कोण किती दिवस गैरहजर होतं?"

तिने फळ्यावर बाकांचे चौकोन काढले. ती एकेक नाव वाचायची, ज्याचं नाव असेल ते मूल पुढे येऊन आपल्या चौकोनात खाडे तेवढे ठिपके द्यायचं. पाहता पाहता शेवटची रांग ठिपक्यांनी भरून गेली.

"मागचे सगळे खोकून खोकून आजारीच असतात!" भाची ओरडली.

"का बरं?"

"तिथे कपाट आहे. त्याच्यामागे काहीतरी असणार!"

सात-आठ जणांनी जोर लावून कपाट सरकवलं. मागे भिंतीवर ओलीचा हिरवट, बुरसट डाग पसरला होता. केवढा गलका झाला! आत्याही भान विसरली. "बघितलंत? आपण डॉक्टर नाही, काही नाही. पण आकड्यांनी आपल्याला या भिंतीपर्यंत आणलं!"

तेवढ्यात घंटा झाली. "भिंतीमुळे खोकला, भिंतीमुळे खोकला!" असं ओरडत मुलं बाहेर पळाली.

बाई परत आल्या. फळा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, सारखी खोकणारी मुलं मीच मागे बसवते. बाकीच्यांना लागण नको म्हणून. दर महिन्याला जागा बदलते मी."

आत्याने पुन्हा फळ्याकडे पाहिलं. मुलं तिथे बसली म्हणून आजारी पडली नव्हती; आजारी होती म्हणून तिथे बसली होती. हीच चूक करू नका म्हणून ती ऑफिसात नव्या लोकांचं डोकं खायची.

"उद्या मला दहा मिनिटं द्याल? चुकीचं सांगून बसले मी त्यांना."

"उद्या चाचणी आहे. परवापासून स्नेहसंमेलनाची तयारी."

"पाच तरी?"

"बघू हो पुढच्या महिन्यात." बाईंनी फळा पुसून टाकला.

फाटकापाशी भाची नाचतच आली. "आत्या, अख्ख्या शाळेला कळलंय! पाचवीवालेसुद्धा कपाटं सरकवतायत!"

आत्याने तिला कडेला घेऊन सगळं सांगितलं. भाचीचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे ओलीमुळे काहीच होत नाही?"

"होतही असेल. पण आपल्या ठिपक्यांवरून ते कळत नाही."

"मग ठिपके काढायला कशाला लावलंस?"

"कुठे बघायचं ते कळावं म्हणून. पुढे विचारायचं असतं, तपासायचं असतं—"

"मग तू बाईंना आधी का नाही विचारलंस?"

आत्याने तिचा हात धरला. भाचीने तो झटकला आणि ती पाठीवरचं दप्तर आदळत तरातरा पुढे निघाली.