बेथनची जास्तीची पायरी

मित्रांनो, मँचेस्टरच्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात गेली कित्येक वर्षे उभा असलेला मी एक म्हातारा चुंबक आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवतात तसला नव्हे. माझ्या पोटात तारांची वेटोळी आहेत. द्रवरूप हेलियमने ती गारठली की त्यांतून वीज विनाअडथळा फिरते आणि माझ्या अंगात जोर येतो.

इथले संशोधक ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचे, पापुद्रे चिकटपट्टीने सोलतात. एका अणूइतका पातळ पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. बेथन नावाच्या संशोधक मुलीने दोन थरांचा एक तुकडा माझ्या पोटात सोडला. मी जोर लावला की त्यातले सरळ धावणारे इलेक्ट्रॉन गोल गोल फिरू लागतात आणि तुकड्यावर मोजलेल्या विजेच्या आलेखात पायऱ्या उमटतात. एकेरी थराच्या पायऱ्या वेगळ्या, दुहेरीच्या वेगळ्या.

बेथनला एक पायरी जास्तीची दिसली, आधी कुणालाच न दिसलेली. तिचे प्राध्यापक रॅडक्लिफ हरखून गेले.

"पोरी, नाव काढलंस! आता शोधनिबंध लिहायला बस."

"आधी चुंबकाची दिशा उलटवून बघते. पायरी इलेक्ट्रॉनांची असेल, तर ते उलटे फिरतील आणि ती आलेखात शून्याखाली जाईल."

"हेलियम संपत आलंय, बाई. आणि नाही गेली तर?"

"तर दोष तुकड्याला आपण जोडलेल्या तारांचा."

"तीन वर्षं घातलीस यात."

"म्हणूनच तर बघायचंय."

रॅडक्लिफनी हात झटकले. "कर तुझ्या मनासारखं."

तिने माझ्या तारांतली वीज सावकाश उलट्या दिशेने फिरवली. घाई केली असती तर तारा तापून उरलेले हेलियम उकळून गेले असते. जुन्या पायऱ्या मुकाट्याने शून्याखाली गेल्या. नव्या पायरीच्या जागी मात्र वर तोंड केलेला नुसता उंचवटा राहिला. तुकड्याला वाकड्या जोडलेल्या तारांची ती करामत होती.

बेथनने त्या उंचवट्याची वहीत नोंद केली. रॅडक्लिफनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"आपल्यालाच सापडलं ते बरं झालं. दुसऱ्यानं दाखवलं असतं तर तोंड लपवायला जागा नव्हती."

"बरं झालं, पण वाईट वाटतंय हो."

"वाटणारच. चहा घे."

उरलेल्या पायऱ्यांवर तिने प्रबंध लिहिला. तो फारसा गाजला नाही. पुढे वरच्या मजल्यावर हेलियम न लागणारा नवा चुंबक आला. आता माझ्यावर ओले कोट वाळत घालतात.

मित्रांनो, कधीतरी तुमच्याही हाती हवेहवेसे उत्तर लागेल. ते जगाला सांगण्याआधी एकदा उलट्या बाजूने तपासा. ते टिकले नाही तर मनाला फार लागते, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही तपासा.