अपेक्षेपेक्षा सर

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, बोटं लागून लागून गुळगुळीत झालेली. पोटावर दोनच शब्द: ‘अपेक्षेपेक्षा सरस’. मित्रांनो, हसू नका, या दोन शब्दांवर मोठमोठ्या साहेबांचा वर्षाचा बोनस अडलेला असायचा!

वर्ष संपलं की वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे अहवाल यायचे. ज्यावर मी बसलो, त्याला बोनस. माझ्या शेजारी ‘समाधानकारक’ नावाचा शिक्का राहायचा. बिचारा कोरडा ठणठणीत. नुसतं समाधानकारक काम करणारा साहेब आमच्याकडे जन्मालाच आला नव्हता. सगळे सरस!

ते अहवाल लिहायच्या मात्र आमच्या टायपिस्ट ताई. आपण वर्षभर काय केलं हे साहेबांनाही आठवायचं नाही; ताई ते फायलींतून हुडकून नीट शब्दांत बसवायच्या. मग मला शाई लावून साहेबांच्या हातात द्यायच्या. काम झालं की पुसायच्याही त्याच. एकदा अक्षरांत साचलेली शाई टाचणीनं काढताना माझा शेवटचा ‘स’च निघून आला! ताईंनी तो परत चिकटवून पाहिला, बसला नाही. त्या वर्षी सगळ्या अहवालांवर उमटलं: ‘अपेक्षेपेक्षा सर’.

कुणी ओरडलं? छे! साहेबलोकांना वाटलं, मान दिलाय. अकरा वर्षं तसंच चाललं. शिपाईकाका आणि ताई डबा खाताना खिदळायचे, “आले बघा, अपेक्षेपेक्षा सर!”

मला एकच आस होती. एकदा तरी ताईंच्या कागदावर पडावं. पण त्यांच्या श्रेणीला बोनस नव्हता, म्हणून त्यांच्या कागदावर माझ्यासाठी रकानाच नव्हता. तो कागद टेबलावर आला की मी शाईनं ओला होऊन नुसता बघत बसायचो.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या दाखल्यावर ‘समाधानकारक’ मारायचा होता. तो पडून पडून तडकलेला. नुसता डाग उमटला.

“राहू द्या हो ताई, कळतंय तेवढ्यानं,” म्हणत साहेब मीटिंगला गेले.

ताई त्या डागाकडे बघत राहिल्या. काकांनी मला उचललं. “आणा तो कागद इकडं.”

“अहो, नको! हा मोठ्यांचा शिक्का. दाखला रद्द व्हायचा.”

“मग हात आणा.”

“काका, वय काय तुमचं!” म्हणाल्या, पण डावा हात पुढं केला. इतक्या जोरात मी जन्मात कुठं बसलो नव्हतो. तळहातावर जांभळं उमटलं: ‘अपेक्षेपेक्षा सर’. ताई हसल्या, डोळे पुसले, आणि पेन घेऊन शेवटी बारीकसा ‘स’ काढला.

अकरा वर्षांत मी पुरता उमटलो तो तेवढाच.

आता संगणकावर बटण आलंय. मी ड्रॉवरमध्ये, गंजक्या टाचण्यांच्या शेजारी. काका नंतर सांगत होते, ताईंनी म्हणे चार दिवस डावा हात पाण्यात घातला नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण कुणाचं काम सरस वाटलं, तर रकाना शोधत बसू नका. शाई वाळते हो.