करपलेल्या चुऱ्याची वाट

बेकरीच्या मालकाला पळण्याचं वेड होतं, आणि पगार देणाऱ्याचं वेड पगार घेणाऱ्यालाही लागतंच. त्यामुळे हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी सगळी बेकरी गावाबाहेर शेतांतून धापा टाकत पळायची. एकाने ससा व्हायचं. करपलेल्या पावांचा चुरा पिशवीत भरून त्याने आधी सुटायचं आणि मूठमूठ टाकत जायचं. बाकीच्यांनी त्या मागावर त्याला गाठायचं. दहिवराने पांढऱ्या झालेल्या रानात काळा चुरा लांबूनही दिसे. सशाला फसवी वाट काढायची मुभा होती. मात्र ती संपेल तिथे चुऱ्याची फुली मारायची, म्हणजे मागचे शिव्या घालत परत फिरत.

यंदा ससा होता थोरला, आणि पाठलागावर त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघेही भट्टीवरचे. पण विजेची नवी भट्टी आली होती आणि तिला एकच माणूस पुरणार होता. मालकाने पोटावरून हात फिरवत निकाल देऊन टाकला: बेकरीच्या दारात पोचायच्या आत धाकट्याने सशाला शिवलं तर भट्टी धाकट्याची, नाहीतर थोरल्याची. उरलेल्याने आपलं पोट दुसरीकडे भरावं. सगळे हसले. थोरलाही हसला. न हसून करतो काय?

धाकट्याला कणीक तिंबण्यापासून आच ओळखण्यापर्यंत सगळं त्यानेच शिकवलं होतं, टपल्या मारून. आता धाकट्याचे पाव एकसारखे फुगत, आणि पिशवीतला चुरा बहुतेक थोरल्याच्या हातचा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं एवढंच. सकाळी मफलर गुंडाळताना बायकोने विषय काढलाच. भावजींना पोर ना बाळ, ते कुठेही जगतील, आपण कुठे जायचं?

नांगरलेली ढेकळं गोठून दगड झाली होती. प्रत्येक पावलाला घोटा मुरगळायला बघत होता. छातीत गार हवा सुरीसारखी आत-बाहेर करत होती. बांधावर चढून त्याने मागे पाहिलं. घोळका कुठच्या कुठे राहिला होता, आणि त्याच्या बराच पुढे धाकटा, एकटाच, फिरायला निघाल्यासारखा पळत येत होता. बेकरी अजून लांब होती. तो गाठणार होता.

पुढे तळं लागलं, पार गोठलेलं. खरी वाट काठाकाठाने दगडी बांधावरून सडकेला जात होती. थोरला काठावर थांबला. चुरा मुठीत आवळून त्याने गोळे केले आणि बर्फावर भिरकावले. एक जवळ, एक त्याच्या पुढे, एक अंगातला सगळा जोर लावून पार मध्याच्या पलीकडे. माणूस चालत गेल्यासारखा माग उमटला. फुली त्याने मारली नाही. बांधावर चुऱ्याचा कणही सांडू दिला नाही.

येईल, काठावर उभा राहील, डोकं खाजवेल, माग शोधेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. तेवढा वेळ पुरे. त्या विचाराच्या खाली आणखी एक विचार होता. तो त्याला दिसला. त्याने मान फिरवली आणि पळत सुटला.

बेकरीच्या दारात मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याला खुर्ची दिली, नव्या भट्टीची किल्ली हातात ठेवली. थोरल्याने घाम पुसला आणि दाराकडे बघायचं टाळलं.

घोळका आला तो धाकट्याला उचलूनच. वाटेतल्या गोठ्यातलं दावं टाकून त्याला पाण्यातून ओढला होता. पावाच्या फळीवर घालून त्याला जुन्या भट्टीसमोर ठेवला. ओठ निळे, दात वाजायचेही थांबलेले. कुणीतरी डॉक्टरला आणायला धावलं.

धाकट्याने डोळे उघडले. "दादा, बर्फावरून तू गेलास ना?"

थोरल्याने जुन्या भट्टीत आणखी एक लाकूड सरकवलं.

"तू माझ्याहून जड. म्हटलं, तुला पेललं तर मला पेलेलच. म्हणून गेलो."

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं असतं तर तोंड तेव्हाच उघडायला हवं होतं. किल्ली त्याच्या मुठीत होती.

"गेलो की," तो म्हणाला. "तू मध्येच पाय रोवून थांबला असशील. तुला सांगितलेलं कधी नीट कळलंय का?"

धाकट्याने मान हलवली. दादा म्हणतोय म्हणजे तसंच असणार.

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

डॉक्टर पोचला तेव्हा धाकटा गेलेला होता. बायामाणसांना कुणी कळवायचं यावर जरा वेळ कुजबुज झाली. मग मालकाने घसा खाकरला आणि, फार वाईट झालं, पण संध्याकाळचा माल काढायचाय, तेवढी फळी मोकळी करा, असं सांगितलं.

थोरल्याने भावाला काखेत हात घालून जमिनीवर उतरवलं. फळी फडक्याने कोरडी केली, आणि पीठ भुरभुरून ओट्यावर मांडली.